पळायचं की थांबायचं, हे भिंतीवर ठरतं

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातून एका शिक्षिकेनं विचारलं आहे. २१ मार्च २०२४ च्या पहाटे त्यांच्या गावाला दहा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, जुलैत पुन्हा एक. जमिनीतून आवाज तर वर्षानुवर्षं येतात. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा जुना दगड-मातीचा, वर माळवद (लाकडावर मातीचं छत). सासूबाईंचं माहेर किल्लारीजवळचं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून त्या छताखाली झोपत नाहीत, थंडीतही अंगणात खाट. तर खरा मोठा भूकंप अंगावर येतो तेव्हा काय होतं, पळावं की थांबावं, आणि सासूबाईंना समजवावं कसं?

मी स्थापत्य अभियंता आहे. ९३ साली पंचवीस वर्षांचा होतो आणि लातुरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. पुढची सहा वर्षं औसा आणि उमरगा तालुक्यांत घरं दुरुस्त करण्यात गेली. नंतर, २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर, काही महिने कच्छमध्ये होतो. त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रश्नांवर थोडं थोडं बोलू शकेन. पण शेवटच्या प्रश्नापासून हात झटकतो, कारण सासूबाईंना तुम्ही समजवायचं आहे की त्यांनी तुम्हाला, याबद्दल माझी खात्री नाही.

आधी ती रात्र, २९-३० सप्टेंबर १९९३ ची. अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत पाय दुखेपर्यंत चाललो, दोनच्या सुमारास येऊन पडलो. ३ वाजून ५६ मिनिटांनी जाग आली ती आवाजानं. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाण्याचं भरलेलं पिंप फरशीवरून ओढतंय असं वाटलं. वरचा मजला नव्हताच, हे नंतर लक्षात आलं. मग मांडणीवरची भांडी वाजू लागली. आणि मग खाली कुणीतरी लाथ घातल्यासारखा हिसका, आणि खोली आडवी हलायला लागली. कॉलेजात भूकंपावर एक प्रकरण होतं, त्यावर मला चांगले मार्कही होते. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी चष्मा शोधत होतो. दाराची कडी हातातून दोनदा निसटली. ती निघाली तेव्हा हलणं थांबलं होतं.

एवढाच माझा अनुभव आहे, आणि त्यात पराक्रम काही नाही. पण पुढे शेकडो माणसांशी बोललो तेव्हा कळलं की बहुतेकांचं असंच झालेलं असतं. कुणी दिवा लावायला गेला, कुणी पोराला उचलायच्या आधी पांघरूण घडी करत बसली. “दोन मिनिटं हलत होतं” असं प्रत्येक जण सांगतो. प्रत्यक्षात जोराचं हलणं काही सेकंदांचं असतं. डोकं जागं व्हायच्या आत प्रकरण संपतं. म्हणून “त्या वेळी काय करायचं” हा प्रश्न मला नेहमी अर्धाच वाटतो.

आवाज आणि हिसका यांच्यामध्ये मला जो वेळ मिळाला, त्याचं गणित सोपं आहे. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, तिनं घरघर ऐकू येते, भांडी वाजतात. दुसरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि इमारती पाडते ती हीच. लातूर किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे दोन लाटांमध्ये चार-पाच सेकंदांचं अंतर पडलं. तेवढ्यात मी चष्मा शोधला. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर या गावांत हे अंतर जेमतेम सेकंद-दीड सेकंदाचं असणार, कारण भूकंप त्यांच्या पायाखालीच, आणि तोही उथळ झाला. तिथल्या वाचलेल्या कुणीही मला “आधी आवाज आला, मग हललं” असं सांगितलं नाही. “आवाज आला आणि आम्ही खाली होतो,” असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ट्रकमधून त्या बाजूला गेलो. तिथलं जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. गल्ली कुठली आणि घर कुठलं हे ओळखू येत नव्हतं. दोन्हीकडच्या भिंती गल्लीत पडून गल्ली घराएवढीच भरली होती, आणि आम्ही माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून चालत होतो. आणि त्या दगडांतून जागोजागी लाकडी खांब उभे होते, त्यांवर तुळया, काही ठिकाणी अख्खा खण जसाच्या तसा. चारही भिंती गेल्या आणि लाकडाचा सांगाडा शाबूत. मग पाऊस आला, आणि तो लवकर थांबेना. पडलेल्या घरांचंच लाकूड काढून सरणं रचली गेली. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

बावन्न गावं मुळापासून गेली. माणसं ८ ते १० हजार, कोणता आकडा धरता त्यावर. आणि भूकंप होता ६.२ चा. जगाच्या हिशेबात हा मध्यम. तरी एवढी माणसं का गेली, हे मला वाटतं तुम्ही नीट समजून घ्यावं, कारण तुमच्या मागच्या खोल्यांची गोष्ट तीच आहे.

माळवद म्हणजे खांब, तुळया, त्यांवर कड्या-फळ्या आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. मराठवाड्याच्या उन्हात याच्यासारखं घर नाही, हे मी आजही म्हणतो. पण पाऊस गळायला लागला की वर पांढरी माती टाकायची, पुढच्या वर्षी पुन्हा टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, जुनी कुणी काढली नाही. दोन फूट माती झाली की एका चौरस मीटरवर सुमारे एक टन वजन होतं. दहा बाय बाराच्या खोलीवर अकरा टन. म्हणजे भरलेला ट्रक डोक्यावर घेऊन झोपायचं.

आता बैलगाडीत उभं राहा आणि बैल अचानक उधळू द्या. गाडी पुढे जाते, तुम्ही मागे पडता. भूकंपात जमीन ही गाडी, आणि छप्पर म्हणजे तुम्ही. वजन जितकं जास्त, तितका हिसका मोठा, आणि तो सगळा भिंतींवर येतो.

आणि भिंत? बाहेरून पाहिली तर अडीच-तीन फूट रुंद, तोफेला दाद देणार नाही अशी. गावातल्या श्रीमंताची त्याहून रुंद. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या बाजूला एक दगडी पडदा, आतल्या बाजूला दुसरा, मधे गोटे आणि माती. दगडाचं तोंड घडवलेलं, सुबक. मागची शेपूट निमुळती. दोन्ही पडद्यांना एकमेकांशी बांधणारा आरपार लांब दगड (आम्ही त्याला हेडर म्हणायचो) बहुतेक घरांत एकही सापडला नाही. हलल्याबरोबर मधली माती खाली दबते आणि पाचर मारल्यासारखी दोन्ही पडद्यांना ढकलते. बाहेरचा गल्लीत पडतो, आतला झोपलेल्या माणसांवर. खांब उभे राहिले तरी माणसं वाचली नाहीत ती यामुळे.

गावाच्या कडेला कुडाच्या झोपड्यांत राहणारे बरेच वाचले. शेतात राखणीला गेलेले वाचले. वाड्यात निजलेले गेले. एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं, “सायेब, ज्येच्या घराला भिंत न्हवती त्येचं घर ऱ्हायलं बगा.” अभियांत्रिकीच्या भाषेत याहून नेमकं मला सांगता येत नाही.

मग भीती आली, आणि भीतीनं भलताच धडा घेतला. लोकांनी दगडाशीच वैर धरलं. लातूरपासून कितीतरी दूर, जिथे तडासुद्धा गेला नव्हता अशा गावांतही चांगली माळवदं उतरवून पत्रे ठोकले. मे महिन्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, पण “मरायचं तर न्हाई” हे उत्तर तयार. आमचं काम होतं जुनी घरं न पाडता मजबूत करण्याचं: छतावरची जादा माती उतरवायची, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं म्हणजे हेडर तयार होतो, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्यायचे, कोपऱ्यांवर जाळी ठोकून प्लास्टर करायचं. स्वस्त आणि उपयोगी काम. पण ते डोळ्याला दिसत नाही! घरमालक म्हणायचा, पैसे भिंतीत घालवण्यापेक्षा पुढे एक नवी खोली बांधून द्या. कित्येकांनी ती बांधलीही. पुढच्या नव्या खोलीत टीव्ही, आणि झोपायला मागच्या जुन्या खोलीत, कारण तिथे गार लागतं. मी त्यांना दोष देत नाही, पण ही गोष्ट मी तुम्हाला उगीच सांगत नाही.

आता तुमच्या आवाजांकडे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत येणारे गूढ आवाज फारसे गूढ नाहीत. उथळ आणि बारीक भूकंपाची पहिली लाट जमिनीतून बाहेर पडताना हवेलाही हलवते. हलल्याचं जाणवत नाही, पण आवाज ऐकू येतो. खरा प्रश्न हा की यातून मोठा येणार का. किल्लारीत १९९२ च्या पावसाळ्यानंतर असेच धक्के आणि आवाज सुरू होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते, मग कमी झालं, लोक आत गेले, आणि वर्षभरात तो आला. ही गोष्ट सासूबाईंनी तुम्हाला सांगितली असेलच. पण भातसा धरणाजवळ १९८३ मध्ये अशीच मालिका झाली आणि विझून गेली. पालघरमध्ये डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के बसले, किल्लारीसारखं काही झालं नाही. मालिका बघून पुढचं सांगता येत नाही. तारीख-वेळ सांगणारा संदेश फोनवर आला तर तो पुढे पाठवू नका, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

तुमचा मार्चचा मोठा धक्का ४.५ चा होता. ६.२ हा त्याहून “थोडा जास्त” नाही. या मोजपट्टीवर एक अंक चढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. १.७ अंकांचा फरक म्हणजे साडेतीनशे पट. त्यामुळे “तेव्हा भिंतीला काही झालं नाही, म्हणजे भिंत मजबूत आहे” असं घरात कुणी म्हणत असेल तर ते खोडून काढा. तिची परीक्षा झालेलीच नाही.

पळायचं की थांबायचं. पुढच्या स्लॅबच्या खोलीत असाल तर थांबा: मजबूत टेबलाखाली किंवा पलंगाच्या कडेला खाली बसा, डोकं-मान हातांनी झाका, काचा आणि कपाटापासून लांब. जिन्यावर जाऊ नका. हलणं थांबलं की बाहेर. मागच्या माळवदाच्या खोलीत असाल तर गोष्ट वेगळी. दार दोन-चार पावलांवर, थेट मोकळ्या अंगणात उघडणारं, वाटेत काही नाही, तर बाहेर पडा आणि भिंतीपासून भिंतीच्या उंचीएवढं तरी लांब जा. दार लांब असेल, किंवा अरुंद बोळात उघडत असेल, तर पळणं म्हणजे भिंतीखाली स्वतः जाऊन उभं राहणं. भूजच्या भूकंपात, २६ जानेवारी २००१ ला, अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं अरुंद गल्लीत होती. ती उघड्यावरच होती, घरात नव्हती. दोन्हीकडची घरं त्यांच्यावर आली. डहाणूकडे २०१९ च्या फेब्रुवारीत एक दोन वर्षांची मुलगी घाबरून धावताना पडून गेली. घर पडलंच नव्हतं.

बोळातल्या त्या खोलीत मग करायचं काय? खरं उत्तर: तिथे झोपायचं नाही. ते जमत नसेल तर खांबाच्या बुडाशी, भिंतीपासून लांब. लोखंडी खाटेखाली वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला मात्र विसरा. किल्लारीत चौकटी उभ्या होत्या, आणि त्यांच्या वरची भिंत चौकटीतच आली होती.

स्लॅबवरही आंधळा विश्वास ठेवू नका. भूजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती खाली बसल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा खाली भिंती नसलेल्या, नुसत्या कॉलमवर उभ्या पार्किंगच्या होत्या. आपल्या पुण्या-मुंबईत, आता लातुरातही, हेच चित्र आहे. उलट कच्छच्या बन्नी भागातले भुंगे, म्हणजे मातीच्या भिंतींची गोल घरं, हलक्या छपराची, पुष्कळ टिकली. माझ्याबरोबर औश्याकडचे दोन गवंडी होते. त्यातला एक भुंग्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, “कोपराच न्हाई की हो हिला.” भिंत फुटायला सुरुवात कोपऱ्यातून होते, हे त्याला कुठल्या पुस्तकात वाचायला लागलं नाही.

सासूबाईंबद्दल. भूकंपानंतर कित्येक महिने मला स्वतःला बसल्या जागी जमीन हलल्यासारखी वाटायची. एसटी गेली, कुणी जोरात दार लावलं की हात आधी दाराकडे जायचा. उशाशी तांब्यावर पेला उलटा ठेवून झोपायचो, वाजला की उठायचं. हसू नका, त्या वर्षी अर्ध्या लातुरात तो तांब्या होता. माझं दोन वर्षांत ओसरलं, पण मी कुणाला गमावलं नव्हतं. ज्यांनी गमावलं त्यांचं वेगळं असतं. तीस सप्टेंबर जवळ आला की काहींना झोप लागत नाही, जेवण जात नाही. सासूबाईंना रात्री दचकून जाग येत असेल, छातीत धडधडत असेल, गणपतीच्या दिवसांत त्या गप्प होत असतील, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. त्यानं फरक पडतो, इतक्या वर्षांनीही. पण नुसत्या अंगणात झोपत असतील आणि शांत झोपत असतील, तर त्यांना आत का आणायचं? “आई, आता काही होत नाही” असं सांगू नका. त्यांना ते खोटं आहे हे माहीत आहे. तुमच्या घरात भिंतीबद्दल नेमकं ज्ञान असलेल्या त्या एकट्याच आहेत. त्यांना मागच्या खोलीत न्या आणि विचारा, यातली कुठली भिंत पडेल. मी अशा बायकांच्या बोटांवरून कितीतरी वेळा खुणा केल्या आहेत. त्यांचं बोट सहसा चुकत नाही.

त्या दाखवतील ते बहुधा असं असेल: बाहेरून भिंतीला पोट सुटलंय. हे सगळ्यात वाईट लक्षण. बाहेरचा पडदा आतल्यापासून सुटला आहे आणि त्याला फक्त हिसक्याची वाट आहे. कोपऱ्यात उभी फट असेल तर दोन भिंती एकमेकींना धरून नाहीत. पण काळ्या मातीवरच्या घराला उन्हाळ्यात तिरप्या चिरा पडतात आणि पावसाळ्यात मिटतात, त्या पायाखालच्या मातीच्या. भूकंपाच्या खात्यात त्या टाकून घाबरू नका. नवी खोली जुन्या भिंतीला नुसती टेकवून बांधली असेल, आणि बहुतेक बांधलीच असेल, तर ते जोडही बघा. दोन्ही भाग वेगवेगळे हलतील आणि एकमेकांना ठोकतील.

सगळ्यात आधी करायचं काम मात्र फुकट आहे. माळवदावरची जादा माती उतरवा. पावसाळ्यानंतर, थंडीत, कडेकडेनं आणि दोन्ही बाजूंनी सारखी, एकदम एका बाजूची नाही. सहा इंच राहू द्या आणि गळतीसाठी वर प्लास्टिकचा कागद आणि पातळ थर. त्यासाठी अभियंता लागत नाही, चार माणसं आणि घमेली लागतात. हेडर आणि जाळीचं काम त्यानंतर, आणि ते माहितगार गवंड्याकडूनच. दगडात सरसकट भोकं पाडत सुटणाऱ्याला हात लावू देऊ नका. एका गावात एका ठेकेदारानं एका दिवसात सगळी भोकं पाडून ठेवली आणि काँक्रीट आठवड्यानं आणलं. तोवर अर्धी भिंत बसली होती.

रविवारी एक अणकुचीदार सळई घ्या, माळवदावर जा आणि चार ठिकाणी ती मातीत खुपसून बघा. फळीला टेकेपर्यंत किती गेली ते इंचांत लिहून कळवा. सोबत भिंतीच्या कोपऱ्याचे दोन फोटो, एक आतून, एक बाहेरून. सासूबाईंनी बोट ठेवलं असेल त्या जागेवर खडूनं फुली करून घ्या. मी तिथूनच बघायला सुरुवात करेन.